मुंगीच्या वेशातला कोळी

उन्हाळा लागला की गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या जंगलात लाल मुंग्यांची घरटी उतरवली जातात. आंबा, जांभूळ, करंज अशा झाडांवर हिरव्या पानांचा फुगीर गोळा दिसतो. काठीने फांदी वाकवायची, गोळा कापडावर झटकायचा, मुंग्या आणि त्यांची पांढरी अंडी वेचायची आणि मीठ-मिरची घालून दगडावर वाटायची. इंद्रावतीपलीकडे बस्तरमध्ये ही चटणी ‘चापडा’ नावाने आठवडी बाजारात विकायला असते. ओडिशातल्या मयूरभंजच्या अशाच ‘काई’ चटणीला २०२४ च्या जानेवारीत भौगोलिक मानांकनही मिळालं. तिचा झणझणीत आंबटपणा चिंचेचा नसतो, मुंगीच्या अंगातल्या फॉर्मिक आम्लाचा असतो.

कापडावर सैरावैरा धावणाऱ्या त्या शेकडो मुंग्यांत एखादी ‘मुंगी’ वेगळं वागते. बाकीच्या चावायला पुढे येतात, ही मागे सरते. बोट जवळ नेलं तर वळून बोटाकडे बघते. कापड हलवलं तर कडेवरून पडते, पण जमिनीपर्यंत पोहोचत नाही. मधेच हवेत एका बारीक धाग्याला लटकत राहते. मुंगी अशी धाग्याला लटकत नाही. पाय मोजले तर सहाऐवजी आठ भरतात. तो कोळी असतो.

पूर्व विदर्भात कोळ्याला बहुतेक लोक मकडी म्हणतात. मकडी म्हटलं की जाळं डोळ्यापुढे येतं, पण हा कोळी शिकारीसाठी जाळं विणत नाही. तो ‘उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या’ कुळातला आहे. भिंतीवर झेप घेऊन माशी पकडणारा, काळा-पांढरा, केसाळ आणि हात जवळ नेला की टुणकन बाजूला होणारा छोटा कोळी प्रत्येकाने पाहिलेला असतो. तो याचा भाऊबंद. कोळ्यांच्या सगळ्या कुळांत हे कुळ सर्वांत मोठं असून त्यात सहा हजारांहून अधिक जाती आहेत. जगातल्या ज्ञात कोळ्यांची संख्या २०२२ च्या एप्रिलमध्ये ५० हजारांवर गेली आणि पन्नास हजारावी नोंद ज्याच्या नावावर पडली तो ब्राझीलमधला कोळीही याच कुळातला होता.

मुंगीसारखं दिसणाऱ्या या कोळ्यांची मुख्य प्रजाती म्हणजे ‘मिर्माराक्ने’. ग्रीक भाषेतले मुंगी आणि कोळी हे दोन शब्द जोडून मॅक्ली या अभ्यासकाने १८३९ मध्ये हे नाव ठेवलं. (मराठीत प्रजाती म्हणजे अनेक जातींचा गट. वाघ ही जात. वाघ, सिंह, बिबट्या ज्या गटात येतात ती प्रजाती.) लाल मुंगीची नक्कल करणाऱ्या कोळ्याचं वर्णन १८६९ मध्ये श्रीलंकेतल्या नमुन्यांवरून झालं. त्याला ‘प्लाटालिऑइडिस’, म्हणजे चमच्यासारख्या चोचीच्या बगळ्यागत, असं नाव मिळालं. जवळजवळ दीडशे वर्षं तो मिर्माराक्नेमध्येच होता. २०१६ मध्ये पोलंडचे कोळीतज्ज्ञ येर्झी प्रुशिन्स्की यांनी त्याला वेगळं काढून ‘मिर्माप्लाटा’ अशी नवी प्रजाती केली. नावांच्या या वाटण्या पुढेही होत राहतील. झाडावरच्या कोळ्याला त्याने काही फरक पडत नाही.

आता त्याचं सोंग कसं उभं राहतं ते पाहू. मुंगीच्या शरीराचे तीन भाग दिसतात: डोकं, छाती आणि पोट. कोळ्याचे दोनच असतात, कारण डोकं आणि छाती एकत्र असते. या कोळ्याच्या पुढच्या भागाला मधोमध एक खाच आहे, त्यामुळे लांबून डोकं वेगळं आणि छाती वेगळी भासते. कंबर लांब आणि बारीक. डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक काळा ठिपका, जणू मुंगीचे डोळे. खरे डोळे आठ आहेत आणि त्यांतले मोठे दोन समोर, मोटारीच्या दिव्यांसारखे. रंग लाल मुंगीचाच, तांबूस पिवळा. मादी सहा-सात मिलिमीटरची, म्हणजे कामकरी मुंगीएवढीच.

नर मात्र लांब दिसतो. त्याच्या तोंडापुढे जबड्यांची एक जाडजूड जोडी काढलेली असते, चांगलीच लांब. चमचाचोच बगळ्याचं नाव त्यावरूनच शोभतं. एवढं अवजड अवयव पुढे काढून मुंगीचं सोंग टिकणार कसं? उत्तर मजेदार आहे. तोंडात काहीतरी धरून नेणाऱ्या मुंगीसारखा तो दिसतो. बघणाऱ्याला वाटतं, मुंगी ओझं वाहून नेते आहे. पण यालाही किंमत आहे. मुंग्या खाणारे काही शिकारी ओझं घेतलेल्या मुंगीवरच झडप घालतात, कारण तिचं तोंड अडकलेलं असतं. अशा वेळी नराचं सोंग त्याच्याच अंगाशी येतं.

चालण्याचाही अभ्यास झाला आहे. मुंगीला डोक्यावर दोन मिशा असतात, कोळ्याला नसतात. त्यामुळे हे कोळी पुढचे दोन पाय उचलून मिशांसारखे हलवतात आणि उरलेल्या सहा पायांवर चालतात, असंच बरीच वर्षं मानलं जात होतं. अमेरिकेतल्या संशोधकांनी युरोपातल्या मिर्माराक्नेच्या एका जातीचं वेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं आणि २०१७ मध्ये निष्कर्ष मांडले. चालताना कोळी आठही पाय वापरतो. मधे सेकंदाच्या दहाव्या भागाइतका थबकतो, तेवढ्यात पुढचे पाय उचलून हलवतो आणि पुन्हा चालू लागतो. माणसाच्या डोळ्याला हा थांबा दिसतच नाही. चालही सरळ नसते. वास हुंगत जाणारी मुंगी जशी नागमोडी जाते, तसाच तोही जातो.

हे सगळं कशासाठी? पक्षी, सरडे आणि इतर शिकारी मुंगीच्या वाटेला सहसा जात नाहीत. ती चावते, आम्ल सोडते आणि एकटी नसते. मऊ अंगाचा कोळी मात्र सगळ्यांनाच चालतो. म्हणून मुंगीचा वेश घेणं फायद्याचं. पण शरीर इतकं सडपातळ केल्यावर पोटात अंड्यांना जागा कमी उरते आणि उडीही लहान पडते. या कुळातले इतर कोळी ज्या झेपेसाठी प्रसिद्ध आहेत, ती झेप यांना तशी जमत नाही.

लाल मुंगीच्या शेजारी राहणं सोपं नाही. ही मुंगी पानं शिवते. कामकरी मुंग्या रांगेने पानांच्या कडा जवळ ओढून धरतात, बाकीच्या आपल्याच अळीला तोंडात धरून या कडेवरून त्या कडेवर फिरवतात. अळीच्या तोंडून निघणाऱ्या रेशमाने पानं जोडली जातात. विणकराच्या हातातला धोटा जिवंत असावा, तसं. एका वसाहतीत लाखांनी मुंग्या असतात आणि अनोळखी प्राणी सापडला की त्या त्याचे पाय चहूबाजूंनी ओढून धरतात. कोळ्याचा वेश मुंगीला फसवण्यासाठी नाहीच. मुंगी वासाने आणि स्पर्शाने ओळखते. म्हणून हा कोळी मुंग्यांच्या वाटेपासून दोन बोटं अंतर राखून राहतो आणि समोरून मुंगी आलीच तर बाजूला होतो. केरळमधले प्राध्यापक ए. पी. मॅथ्यू यांनी १९५४ मध्ये मुंबईच्या ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या नियतकालिकात याच्या सवयींविषयी लिहिलं, तेव्हा सोबत दुसऱ्या एका तोतयाची नोंद केली. तो खेकड्या कोळ्यांच्या कुळातला. तोही लाल मुंगीसारखाच दिसतो, पण त्याचा डाव वेगळा. तो मरायला टेकलेल्या मुंगीसारखा थरथरतो, चौकशीला आलेल्या मुंगीला पकडतो आणि खातो. एकाच झाडावर एक नकलाकार जीव वाचवण्यासाठी आणि दुसरा जीव घेण्यासाठी.

या गटातल्या आणखी एका कोळ्याने २०१८ मध्ये जगभरच्या वैद्यकशास्त्राच्या वाचकांना चकित केलं. पूर्वी मिर्माराक्नेत गणला जाणारा, आता ‘टॉक्सियस’ प्रजातीत असलेला हा कोळी. त्याची मादी पिल्लांना दुधासारखा द्रव पाजते, असं चीनमधल्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं. पहिल्या आठवड्यात ती घरट्यात थेंब टाकते, पुढे पिल्लं तिच्या पोटाला बिलगून पितात. त्या द्रवात गाईच्या दुधाच्या सुमारे चौपट प्रथिनं असतात. वीस दिवस पिल्लं फक्त त्यावरच जगतात, नंतर स्वतः शिकार करू लागली तरी चाळीसाव्या दिवसापर्यंत पीतच राहतात. दूध फक्त सस्तन प्राण्यांचंच, हे शाळेतलं वाक्य पाठ केलेल्यांना हे पचायला थोडं जड जातं.

नकाशावर कोण असतं?

मिर्माराक्ने आणि तिच्या जवळच्या प्रजाती प्रामुख्याने जुन्या जगाच्या उष्ण पट्ट्यात आढळतात. आफ्रिका, भारत, श्रीलंका, आग्नेय आशिया ते ऑस्ट्रेलिया. एकट्या मिर्माराक्नेत दीडशेहून अधिक जाती आहेत. लाल मुंगीची नक्कल करणारा मिर्माप्लाटा भारत-श्रीलंकेपासून चीन आणि आग्नेय आशियापर्यंत पसरलेला आहे. मुंगीचा पसाराही साधारण असाच, उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत. तिला कोरडं हवामान मानवत नाही, म्हणून वायव्य भारताच्या रखरखीत भागात ती नाही. महाराष्ट्रात कोकणात, जिथे तिला ओंबील म्हणतात, ती मुबलक आहे. मधल्या पठारावर विरळ होत जाते आणि पूर्व विदर्भाच्या जंगलात पुन्हा भरभरून भेटते. तोतयाला मूळ पात्राशिवाय अर्थ नाही. मुंगीच नसेल तर मुंगीच्या वेशाला कोण घाबरणार? त्यामुळे हा कोळी शोधायचा तर आधी मुंगी शोधावी लागते, आणि भामरागडपासून सिरोंच्यापर्यंत मुंगी शोधायला कोणा शास्त्रज्ञाची गरज नाही, चटणी वाटणाऱ्या घरांना तिचं प्रत्येक झाड ठाऊक असतं.

मिर्माराक्नेच्या भारतीय जातींची नावं वाचताना मात्र एक गोष्ट लक्षात येते. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधल्या संग्रहावर के. नारायण यांनी १९१५ मध्ये लिहिलं. त्यातल्या एका जातीचं नाव ‘सातारेन्सिस’. भारतीय कोळ्यांचे मोठे अभ्यासक बी. के. टिकादर यांनी पुण्याच्या प्राणी सर्वेक्षण केंद्रात काम केलं. त्यांनी १९७३ मध्ये नोंदवलेल्या दोन जातींची नावं ‘पूनाएन्सिस’ आणि ‘मराठा’. अलीकडे याच कुळातले नवे कोळी मुंबईच्या आरे कॉलनीत सापडले. त्यांतला एक वनाधिकारी सुनील लिमये यांच्या नावाने ‘जेर्झेगो सुनीललिमये’ म्हणून ओळखला जातो. (यातलं जेर्झेगो म्हणजे वर आलेले येर्झी प्रुशिन्स्की.) ठाणे-कल्याण परिसरात मिळालेल्या एका जातीला २०२१ मध्ये ‘इसियस तुकारामी’ नाव देण्यात आलं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कसाबला जिवंत पकडून देताना प्राण गमावणारे सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. ओंबील मुंगी आणि ओंबळे हे आडनाव यांचा उच्चारापलीकडे संबंध जोडण्याचं कारण नाही, पण मराठी कानाला ते जाणवल्याशिवाय राहत नाही.

सातारा, पुणे, मुंबई, ठाणे. वाघाचं जंगल म्हणून देशाला माहीत असलेला चंद्रपूर जिल्हा आणि दोन तृतीयांश भाग जंगलाने झाकलेला गडचिरोली जिल्हा या नावांत नाहीत. याचा अर्थ इथे कोळी कमी आहेत असा होत नाही. कोळ्यांच्या नकाशावरचे ठिपके म्हणजे कोळी जिथे आहे ती ठिकाणं नव्हेत. भिंग घेऊन कोणी तरी जिथे गुडघ्यावर बसलं, ती ती ठिकाणं आहेत. मुंबईत भिंग घेऊन बसणारी तरुण मंडळी आहेत, म्हणून आरेच्या पानापानावर नवी जात सापडते. ताडोब्यात येणारा पाहुणा जिप्सीत बसतो, वाघ शोधतो आणि परत जातो. सफारीत गाडीतून खाली उतरायलाच मनाई आहे, आणि ते योग्यच आहे. पण पाच मिलिमीटरचा प्राणी गाडीतून दिसत नाही. जुन्या नोंदी चाळणाऱ्यांसाठी आणखी एक गुंता म्हणजे गडचिरोली हा जिल्हाच मुळी २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. त्याआधीच्या कुठल्याही चिठ्ठीवर भामरागडचा नमुनाही ‘चंद्रपूर’ किंवा त्याआधी ‘चांदा’ म्हणूनच असणार.

मुंगीच्या वेशातल्या कोळ्याच्या बाबतीत तर दुहेरी अडचण. त्याला पाहणाराही ‘मुंगी आहे’ म्हणून सोडून देतो. सोंग शिकाऱ्यासाठी घेतलेलं, पण फसतो मोजदाद करणारा.

‘मकडी चावली’

हा कोळी चावतो का? उड्या मारणाऱ्या कोळ्यांचं विष माशी-डासांसाठी असतं. मुद्दाम चिमटीत दाबला तर एखादा चावेल, थोडी आग होईल, थोडी सूज येईल आणि तासाभरात विसरायला होईल. जगभरात माणसाला खरा धोका मोजक्याच गटांच्या कोळ्यांपासून आहे आणि उड्या मारणारे कोळी त्यांत नाहीत. २०१२ मध्ये आसामातल्या सदिया भागात कोळी चावून माणसं मेल्याची बातमी देशभर गाजली होती. त्या मृत्यूंचा कोळ्याशी संबंध शेवटपर्यंत सिद्ध झाला नाही. चाव्याच्या जागी पात्याने चिरे पाडण्याचे अघोरी उपचार मात्र झाले होते.

तरीही ‘मकडी चावली’ म्हणून दवाखान्यात येणारे रुग्ण कमी नसतात. त्यांतल्या बहुतेकांनी कोळी पाहिलेला नसतो. अंगावर काहीतरी उठलेलं असतं आणि दोष कोळ्यावर गेलेला असतो. कमरेवर किंवा छातीवर एकाच बाजूला फोडांचा पट्टा उठला की ‘कोळी मुतला’ म्हणतात. तो बहुतेक वेळा नागीण हा विषाणूचा आजार असतो. त्याचं औषध फोड आल्यापासून ७२ तासांत सुरू केलं तर सर्वांत चांगलं लागू पडतं, आणि तेवढा वेळ लेप लावण्यात जातो. नागीण कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर उठली तर डोळा जाण्याचा धोका असतो. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा एक लाल-काळा बारीक भुंगा मानेवर चिरडला गेला तरी चाबकाच्या वळासारखा भाजल्यागत पट्टा उठतो, तोही कोळ्याच्याच नावावर जमा. याहून भयंकर म्हणजे मण्यार. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती मध्यरात्री चावते, दुखत नाही, खूण दिसत नाही. ‘काहीतरी चावलं, मकडीबिकडी असेल’ म्हणून तो पुन्हा झोपतो. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, थुंकी गिळवत नाही. त्या क्षणी प्रत्येक मिनिट मोलाचं असतं आणि वाट थेट प्रतिविष असलेल्या रुग्णालयाची असावी लागते.

पण कोळ्याच्या नावाखाली सर्वांत बेमालूम लपणारा आजार वेगळाच आहे. काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली किंवा स्तनाखाली एक काळी खपली. सिगारेटचा चटका बसावा तशी, भोवती लालसर कडा. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही आणि सांगितलीच तर ‘मकडी चावली असेल’ एवढंच. सोबत आठवडाभराचा ताप, डोकं ठणकणं, अंग मोडून येणं. हा स्क्रब टायफस. गवता-झुडपात राहणाऱ्या एका माइटची अळी चावल्याने होणारा जिवाणूंचा आजार.

माइट हे कोळ्याचेच दूरचे नातेवाईक, आठ पायांच्या मोठ्या खानदानातले. अळीच्या अवस्थेत मात्र पाय सहाच असतात आणि आकार मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा. म्हणजे डोळ्याला दिसतो तो कोळी निरुपद्रवी आणि घात करतो तो त्याचा न दिसणारा नातलग. उंदीर-घुशींच्या अंगावर जगणारी ही अळी रोवणी, निंदण, गवत कापणं, जंगलात बसणं-झोपणं अशा वेळी माणसाच्या अंगावर चढते. ताप साधारण दहा-बारा दिवसांनी येतो, तोवर शेतातली ती दुपार कोणाच्या आठवणीतही नसते.

गडचिरोलीत ताप म्हणजे आधी मलेरिया. राज्यातल्या मलेरियाच्या रुग्णांचा मोठा वाटा हाच जिल्हा उचलतो, त्यामुळे आशाताई घरी येऊन बोटाचं रक्त तपासते हे अगदी बरोबर. अडचण पुढची आहे. तपासणीत मलेरिया निघाला नाही की ताप ‘साधा’ ठरतो, गोळ्या मिळतात आणि रुग्ण घरी जातो. काही भागांत लाल मुंग्यांची चटणी तापावर गुणकारी मानतात. ती चवीने खावी, पण तापाचं औषध म्हणून तिच्यावर विसंबू नये. उपचाराविना स्क्रब टायफसच्या शंभरातले सरासरी सहा रुग्ण दगावतात. फुप्फुसं, मूत्रपिंड, मेंदूपर्यंत तो पोहोचतो. दुसरीकडे डॉक्सिसायक्लिन हे जुनं, स्वस्त, प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळणारं औषध वेळेवर सुरू झालं तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. गर्भवती आणि काही इतर रुग्णांना अ‍ॅझिथ्रोमायसिन देतात. गंभीर रुग्णांना ही दोन्ही औषधं शिरेतून एकत्र दिल्यास अधिक फायदा होतो, हे भारतातल्याच रुग्णालयांत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीने दाखवलं. तापावर सरसकट दिली जाणारी पेनिसिलिन गटातली महागडी इंजेक्शनं मात्र या जिवाणूवर चालत नाहीत. दिवस जातात, पैसे जातात आणि रुग्ण खालावतो.

२०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भातल्या इतर जिल्ह्यांत स्क्रब टायफसचे रुग्ण मोठ्या संख्येने सापडले, मृत्यूही झाले. त्याआधी हा आजार विदर्भात फारसा कोणाच्या विचारातच नसे. डोंगराळ हिमाचलचा, तामिळनाडूचा, नाही तर दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवरच्या सैनिकांचा आजार म्हणून तो पाठ्यपुस्तकात वाचलेला. मग माइट त्याच वर्षी विदर्भात आले का? ते आधीपासून गवतातच असणार. योग्य ती रक्तचाचणी होऊ लागली आणि डॉक्टर रुग्णाचा सदरा काढून काखेत बघू लागले, तसे आकडे दिसू लागले. जुनी वील-फेलिक्स चाचणी अनेक रुग्ण निसटू देते, आयजीएम एलायझा अधिक भरवशाची. पण ती होणार कुठे? नमुना जिथे पोहोचतो तिथेच. दुर्गम तालुक्याच्या नावापुढे शून्य दिसलं तर त्याचा अर्थ ‘आजार नाही’ असा लावण्याआधी, तिथून किती नमुने गेले हे विचारायला हवं.

काळी खपली शोधायला यंत्र लागत नाही. पुरेसा उजेड, थोडा आडोसा आणि रुग्णाची, विशेषतः स्त्री रुग्णाची लाज सांभाळून केलेली तपासणी पुरते. ती घाईच्या बाह्यरुग्ण विभागात होत नाही, हे कबूल करायला हवं. घरच्यांना मात्र ते करता येतं. जुलै ते नोव्हेंबर या काळात पाच दिवसांहून जास्त ताप असेल आणि मलेरिया-डेंग्यू निघाला नसेल, तर अंघोळीच्या वेळी काखा, जांघा, कंबर, कानामागची जागा आणि लहान मुलांचं डोकं नीट पाहावं. खपली दिसली तर ती डॉक्टरांना न विचारता दाखवावी. आणि अमुक दिवशी शेतात-जंगलात गेलो होतो, हेही सांगावं.

कोळ्याला बघायचं तर पावसाळा संपता संपता, धान पिवळं पडू लागलं की जावं. लाल मुंग्यांची वाट असलेल्या झाडाशी, वाटेपासून थोडं बाजूला उभं राहायचं. शेकडो मुंग्यांत रांगेत नसलेली, एकटी, कुठल्याही मुंगीला न भिडणारी अशी एखादी शोधायची. तिच्या मिशांना कोपरासारखी घडी आहे की नुसते पाय वर उचललेत, ते बघायचं. पाय मोजायचे. आठ भरले तर मोबाइलवर फोटो घ्यावा, त्यासोबत तारीख, गावाचं नाव आणि झाडाचं नाव लिहून ठेवावं. पानाच्या वळलेल्या कडेखाली पांढऱ्या रेशमाची पातळ झोळी दिसली तर तिला हात लावू नये, आत मादी अंडी सांभाळत बसलेली असेल. निवांत पाहायचं म्हणून गवतात बसायचं असेल तर पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, खाली जाड सतरंजी घ्यावी आणि घरी आल्याबरोबर कपडे बदलून साबणाने अंग चोळून धुवावं.